अखड्यात प्रेक्षक नसतो

मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांचा ‘नाची से बांची’ (२०१७) हा माहितीपट भाषावैज्ञानिक रामदयाल मुंडा यांच्यावर आहे. जो नाचेल तो वाचेल, हा नावाचा अर्थ. मिनेसोटात शिकवून मुंडा रांचीला परतले, कुलगुरू झाले. पण अखडा, म्हणजे गावाचे नाचाचे अंगण, त्यांनी सोडले नाही.

जबलपुरात हा माहितीपट आणि त्यानंतर करमा नाच असा कार्यक्रम पाहताना मला मांडणी खटकली. नाचणारे मंचावर, आम्ही खुर्च्यांत. करम्यात फेर धरायचा असतो, तिथे वेगळा प्रेक्षक नसतो. पडद्याने जे सांगितले, ते मंचाने खोडले.

या शहरात ही बाब किरकोळ नाही. जवळच्या बरगी धरणाची झळ १६२ गावांना बसली. विस्थापितांत गोंड मोठ्या संख्येने होते. गाव बुडते तेव्हा नाचाचे अंगणही बुडते आणि नाचाचा ‘कार्यक्रम’ होतो. माहितीपट आठवण जपतो, जागा परत देत नाही. म्हणून पुढचा पडदा विस्थापितांच्या वस्तीत लागावा, आणि खुर्च्या नसाव्यात.