पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर : पारख आणि फेरबदल

ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतील व्हॉल्व्ह, म्हणजेच निर्वात नलिका, हद्दपार झाल्या असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. ते बहुतांशी खरे आहे. एका ठिकाणी मात्र त्या अजून टिकून आहेत, आणि त्याही नाइलाजाने नव्हे तर आवडीने. ते ठिकाण म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि कारखान्यांत नव्याने लागलेले तरुण हौसेने गिटार वाजवतात. त्यांच्यापैकी काहींची मजल लहान, स्वस्त व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत जाते. आणि तो घरी आला की थोड्याच दिवसांत त्यात सुधारणा करण्याचे वेध लागतात. महागडे कॅपॅसिटर, जुन्या बनावटीचे व्हॉल्व्ह, जाड तारा यांवर मूळ वस्तूच्या किमतीइतका खर्च सहज होऊ शकतो. हा खर्च सार्थकी लागतो का? प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी बारावीपर्यंतच्या सूत्रांनी देता येते.

व्हॉल्व्ह आपल्याला परके नाहीत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. ईएल८४ हा व्हॉल्व्हही तिने बनवला. असे जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह परदेशातले गिटारवादक आजही शोधत असतात. याच कंपनीचा पुण्याचा कारखाना १९७९ साली सुरू झाला तो प्रतिमा-परिवर्तक नलिकांसाठी, म्हणजे पुन्हा एका प्रकारच्या निर्वात नलिकांसाठीच.

स्वस्त ॲम्प्लिफायरचा नमुना म्हणून एपिफोन कंपनीचा 'व्हॉल्व्ह ज्युनियर' घेऊ. या शतकाच्या पहिल्या दशकात तो बाजारात आला. आता त्याचे उत्पादन थांबले आहे, पण त्याच धर्तीचे इतर नमुने मिळतात. त्यात दोनच व्हॉल्व्ह आहेत. पहिला १२एएक्स७, ज्याला युरोपात ईसीसी८३ म्हणतात. एकाच काचेत दोन ट्रायोड असलेला हा व्हॉल्व्ह गिटारचा क्षीण संकेत वाढवतो. दुसरा ईएल८४ हा पेंटोड. तो स्पीकरला शक्ती पुरवतो. बटण एकच, आवाज कमी-जास्त करण्याचे. क्षमता ५ वॉट.

हा ५ वॉटचा आकडा खरा आहे का? ईएल८४च्या माहितीपत्रकातील मांडणीत ॲनोडला २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर प्रवाह दिलेला आहे. गुणाकार केला की बरोबर १२ वॉट येतात, आणि या व्हॉल्व्हच्या ॲनोडची सहनशक्तीही १२ वॉटच आहे. त्यातून ध्वनिसंकेताच्या रूपाने ५.७ वॉट मिळतात, पण तेव्हा विरूपण १० टक्के असते. म्हणजे आकडा प्रामाणिक आहे. 'स्वच्छ ५ वॉट' असा त्याचा अर्थ मात्र घेऊ नये. दोन्ही व्हॉल्व्हचे तंतू तापवण्यास आणखी सुमारे पावणेसात वॉट लागतात. वीस वॉट खर्चून पाच मिळवणारे हे यंत्र कार्यक्षम नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही.

खरी फसगत होते ती वॉट म्हणजे आवाज असे समजल्याने. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचे, म्हणजे एआरएआयचे, केंद्र चाकणलाही आहे. धावत्या वाहनाचा आवाज मोजताना मायक्रोफोन मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर ठेवावा, असा नियम आहे. अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नाही, हे या पट्ट्यातला वाहन-अभियंता जाणतो. तोच अभियंता घरी ॲम्प्लिफायर घेताना स्पीकरची संवेदनक्षमता विचारत नाही! एक वॉट दिला असता एक मीटरवर ८९ डेसिबल देणारा स्पीकर काढून त्याजागी ९५ डेसिबलचा बसवला, तर फरक ६ डेसिबलचा पडतो. म्हणजे शक्ती चौपट केल्यासारखे झाले; ५ वॉटचा ॲम्प्लिफायर २० वॉटच्या पंक्तीला बसला. पेटीतले एकही जोडकाम न सोडवता करता येणारा हा सर्वांत मोठा फेरबदल आहे. स्वस्त ॲम्प्लिफायरवरील आमचा पहिला आक्षेप त्याच्या आठ इंची, बेताच्या स्पीकरवर आहे, मंडलावर नाही.

दुसरा आक्षेप गुणगुणीचा. गिटार न वाजवताही येणाऱ्या 'हूंऽऽ' अशा आवाजाचे दोन उगम असतात. तंतूंना दिलेल्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे ५० हर्ट्झचा आवाज येतो. एकदिश केलेल्या उच्च व्होल्टेजमधील तरंगांमुळे १०० हर्ट्झचा. व्हॉल्व्ह ज्युनियरच्या पहिल्या आवृत्तीचे तंतू प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत आणि गुणगुणीबद्दल तिच्यावर टीकाही बरीच झाली; पुढे कंपनीने तंतूंना एकदिश प्रवाह दिला. येथे आपल्या देशापुरता एक मुद्दा आहे. वीजपुरवठा एकदिश केल्यावर कॅपॅसिटर अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा भरला जातो, आपल्याकडे १०० वेळा. ५५ मिलिअँपिअर प्रवाह आणि ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर धरला, तर दोन भरण्यांमध्ये व्होल्टेज तिकडे जास्तीत जास्त पावणेदहा व्होल्टने उतरेल आणि इकडे पावणेबारा व्होल्टने. मंडल तेच, पण तरंग एक पंचमांशाने मोठे. कॅपॅसिटर दुप्पट केला की ते निम्मे होतात. तंतूंच्या गुणगुणीसाठी तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा, आणि तंतूंच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला १०० ओहमचा एकेक रोध जोडावा. खर्च काही रुपयांचा. आधी दोष ओळखायचा आणि मग औषध द्यायचे, एवढेच पथ्य. मोबाइलवरील वर्णपट दाखवणारे एखादे ॲप ५० आणि १०० हर्ट्झमधला फरक लगेच दाखवते.

तिसरी बाब विजेच्या दाबाची. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि घरी २४० व्होल्ट येत असतील, तर आतले प्रत्येक व्होल्टेज ९ टक्क्यांनी वाढते. प्रवाहही ढोबळमानाने तेवढाच वाढतो. मग ॲनोडवरील १२ वॉटचे १४ वॉटहून अधिक होतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. महागडे व्हॉल्व्ह विकत घेण्यापूर्वी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दाब मोजावा. मात्र हे मोजमाप शिक्षकाने किंवा तंत्रज्ञाने करावे. दाब जास्त असेल तर व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मरला २४० व्होल्टचे टोक असल्यास ते वापरावे, नाहीतर ईएल८४च्या कॅथोडचा रोध वाढवून प्रवाह कमी करावा.

आता लोकप्रिय सुधारणांकडे वळू. दोन टप्प्यांना जोडणारा २२ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर काढून त्याजागी मोठा, महाग कॅपॅसिटर घालावा, असा सल्ला मिळतो. पुढचा रोध १ मेगओहम असेल तर या जोडीची सीमा-वारंवारता सुमारे ७ हर्ट्झ येते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची! जो दरवाजा आधीच सताड उघडा आहे, तो आणखी रुंद करून आत कोण येणार? याउलट पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडवरचा २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून ०.६८ मायक्रोफॅरडचा लावला, तर सीमा सुमारे ९ हर्ट्झवरून ३०० हर्ट्झवर सरकते आणि त्याखालच्या स्वरांची वाढ हळूहळू निम्म्यावर येते. खर्जातला गचाळपणा कमी होतो आणि हा फरक कोणालाही ऐकू येतो. किंमत चहाच्या कपाइतकी. भागाची किंमत आणि परिणाम यांचा संबंध सूत्राने ठरतो, जाहिरातीने नव्हे.

येथे कोणी म्हणेल, व्हॉल्व्हचा गोडवा सूत्रात बसत नाही. काही अंशी बसतो. एकाच व्हॉल्व्हवर चालणारा शक्तिटप्पा मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचा संनादी ठळकपणे मिसळतो. तो वरच्या सप्तकातला तोच स्वर असल्याने कानाला खुपत नाही. तिप्पट वारंवारतेचा संनादी त्यावरचा पंचम असतो. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर याच वाटेने जातो. घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली दोरा सरकवून तो संनादी जागे करतो. रामन यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीवरील आपला अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला होता. तेव्हा गिटारच्या ॲम्प्लिफायरचे विरूपण हा निव्वळ दोष मानू नये. तो वाद्याचाच भाग आहे. पण जवारी काढणारा एका वेळी एकच गोष्ट हलवतो आणि ऐकतो. चार भाग एकदम बदलून 'आवाज सुधारला' म्हणणाऱ्याने ही शिस्त त्याच्याकडून घ्यावी.

ऐकण्याचीही परीक्षा घेता येते. दोन आवाजांत एक डेसिबलने मोठा असलेला आवाज बहुधा 'चांगला' वाटतो, म्हणून आधी दोन्ही समान पातळीवर आणावेत. मग नाणे उडवून, ऐकणाऱ्याला न सांगता, दहा वेळा जुना किंवा नवा भाग निवडावा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४त ११, म्हणजे एका टक्क्याच्या आसपास आहे. आठ किंवा अधिक येण्याची मात्र साडेपाच टक्के. निकष नऊचा ठेवावा. बारावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवताना याहून रंजक उदाहरण मिळणे कठीण.

एक ताकीद या सर्वांच्या आधीची आहे. पेटीत २५० ते ३०० व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यानंतरही ते कॅपॅसिटरमध्ये राहू शकतात. ४७ मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्ट म्हणजे सुमारे २ ज्यूल ऊर्जा; हृदयाच्या मार्गाने गेली तर ती जिवावर बेतू शकते. म्हणून पहिला फेरबदल सुरक्षिततेचा असावा. मुख्य कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रोध जोडला की वीज बंद केल्यावर मिनिटभरात व्होल्टेज एका व्होल्टच्याही खाली येते. तरीही हात घालण्यापूर्वी मीटरने खात्री करावीच. तीन पिनांच्या प्लगची जमिनीची जोडणी तपासावी. स्पीकर न जोडता ॲम्प्लिफायर चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. विद्यार्थ्यांनी पेटी उघडू नये. जोडकाम अनुभवी माणसानेच करावे, गणित मात्र वर्गाने करावे.

आमचा अभिप्राय असा : लहान व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ही किमतीच्या मानाने प्रामाणिक वस्तू आहे. तिची उणीव स्पीकर, गुणगुण आणि दाबाशी न जुळणारा ट्रान्सफॉर्मर यांत आहे, आणि फेरबदलांचा क्रमही तोच असावा. महागडे कॅपॅसिटर आणि दुर्मिळ व्हॉल्व्ह या यादीत शेवटी येतात. नाण्याच्या परीक्षेत दहापैकी नऊ गुण मिळाल्याशिवाय तर येतच नाहीत. कारखान्यात गेज तपासल्याशिवाय माप न घेणाऱ्या या पट्ट्यातील तरुणांना ही रीत नवी नाही. ती घरच्या छंदालाही लावायची आहे.