अनाम अर्भकाची वंशचिकित्सा

अल्पायुषी अर्भकाचा वंश शोधू जाणारा अभ्यासक प्रथम कुलवृत्तान्त उघडतो आणि तेथेच फसतो. ज्याची शाखा पुढे वाढली नाही, त्यास वंशवृक्षात क्वचितच स्थान मिळते. यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे १९०५ पूर्वीच्या वणी जिल्ह्यात, अशा बालकाचा खरा साक्षीदार म्हणजे गावचे कोतवाल बुक होय. तेथेही पुष्कळदा बालकाचे नाव नसते. ‘मुलगा’ अथवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात व मृत्यूची तारीख, एवढेच आढळते. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यावा लागतो.

परंतु त्या नोंदीतील जातिनाम डोळे मिटून प्रमाण मानणे आम्हांस मान्य नाही. कोलाम लोक स्वतःस ‘कोलावर’ म्हणवितात; नोंद मात्र मराठी लेखकाच्या कानाने झालेली असते. आज जातपडताळणीत १९५० पूर्वीची अशी एक ओळ त्या बालकाच्या भावंडांच्या वंशजांचा हक्क ठरविण्यास साह्यभूत होते. तेव्हा तीवरून निर्णय देण्यापूर्वी भावंडांच्या जन्मनोंदी व शाळेचे दाखलखारीज रजिस्टर यांच्याशी ती ताडून पाहावी. नाव न लाभलेल्या बालकाची साक्ष तरी अचूक वाचली जावी, एवढेच आमचे म्हणणे.