पितळेवर टेकलेल्या तारा

पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यातला जाणकार भांडं घेताना आधी त्याला टिचकी मारतो. धातूची पारख डोळ्यांआधी कान करतात. असाच तयार कान घेऊन आपण १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी बाजारात आलेल्या एका वाद्याजवळ जाऊ. लिओ फेंडर यांची ही भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार आधी एस्क्वायर, मग ब्रॉडकास्टर आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली गेली. तिच्या घोडीवर पितळेच्या तीन छोट्या कांड्या आडव्या बसवलेल्या आहेत आणि प्रत्येक कांडीवर दोन-दोन तारा विसावल्या आहेत. नजर ठरते ती तिथेच.

आपला कान पोकळीवर पोसलेला आहे. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळ्याची पोकळी तारेचं कंपन झेलते, वाढवते, आणि रुंद घोडीवर साधलेली जवारी त्या नादाला झळाळी देते. टेलिकास्टरच्या पोटात अशी पोकळी नाही. आहे ती ॲश लाकडाची सलग फळी. हे धाडस गरजेतून आलं. पोकळ गिटार ॲम्प्लिफायरला जोडून आवाज चढवला, की स्पीकरमधून निघालेला नाद तिच्याच तबलीला हादरवतो, तो हादरा पुन्हा तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी पिकअपमध्ये शिरतो आणि सुराची शिट्टी होते. तारेचं कंपन चुंबकच टिपणार असेल, तर पोकळीची गरज ती काय?

या प्रश्नाचं पहिलं ठसठशीत उत्तर मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारने दिलं होतं. जॉर्ज बीचम यांच्या कल्पनेतून उतरलेली, १९३२ साली विक्रीला आलेली रिकनबॅकर कंपनीची गिटार ॲल्युमिनियमची ओतीव होती. गोल अंग आणि लांब दांडी पाहून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. ओतकामातला कोणीही कारागीर तिच्यावरून कौतुकाने हात फिरवील. मात्र रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर ढळत. पुढे गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या ओंडक्यालाच तारा जोडल्या आणि तो गिटारसारखा दिसावा म्हणून दुसऱ्या गिटारचे कापलेले अर्धगोल त्याच्या दोन्ही अंगांना लावले. १९४८ साली कारागीर पॉल बिग्स्बी यांनी गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी घडवलेल्या भरीव गिटारवर सहाही खुंट्या एकाच बाजूला, ओळीत बसल्या. टेलिकास्टरच्या माथ्यावरही तीच ओळ दिसते.

लिओ स्वतः गिटार वाजवत नसत. ते रेडिओ दुरुस्त करणारे. त्यामुळे या वाद्याचा प्रत्येक भाग उघडता येतो, बदलता येतो. मेपलची दांडी चार स्क्रूंनी फळीला जखडलेली. ती खराब झाली तर नवी बसवावी, वाद्य पुन्हा उभं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची ही माया त्या साध्या, सरळ आकाराला वेगळंच लावण्य देते.

आणि आता पुन्हा त्या कांड्या. तारेच्या जाडीप्रमाणे तिची लांबी केसभर कमी-जास्त ठेवावी लागते. इथे मात्र दोन तारांना एकच कांडी, म्हणजे दोघींनाही थोडं जुळवून घेणं आलं. फेंडर यांच्याच १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार मिळाला, सूर अधिक नेमके लागू लागले. टेलिकास्टरवरही पितळेच्या जागी पोलाद आलं. तरीही आज कित्येक वादक हौसेने त्या तीन पितळी कांड्याच बसवून घेतात, कारण त्या सुराचा ऊबदार खणखणीतपणा त्यांना अचूकपणाहून प्रिय वाटतो. माझाही कौल त्यांच्याच बाजूने आहे. टेलिकास्टर ऐकाल तेव्हा लाकडाचं कौतुक जरूर करा. पण पितळेचा वाटा विसरू नका.