सामाईक संच की एकच वाहिनी? : उन्मेष जोशी यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ या ग्रंथाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : रिमोट प्रोसिजर कॉल, क्लायंट-संच, थ्रेड, क्रम, प्रतीक्षा, थ्रिफ्ट, जीआरपीसी

प्रस्तावना :

एका संगणकावरील प्रोग्रॅमने दुसऱ्या संगणकावरील कार्यपद्धती जणू आपल्याच घरातील आहे अशा रीतीने बोलावणे, यास रिमोट प्रोसिजर कॉल असे म्हणतात. मोबाइलवरून तिकीट काढणे असो वा बँकेतील शिल्लक पाहणे असो, पडद्यामागे अनेक सर्व्हर परस्परांना असे कॉल करीत असतात. कॉल करणारा प्रोग्रॅम बहुधा अनेक थ्रेडचा असतो, म्हणजे एकाच वेळी अनेक कामे समांतर चालू ठेवतो. यातून एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. कॉल करणारी ‘क्लायंट’ ही वस्तू एका कनेक्शनशी बांधलेली असते. मग शंभर थ्रेडनी ती कशी वापरावी?

प्रत्येक कॉलसाठी नवा क्लायंट निर्माण करणे खर्चिक ठरते. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा क्लायंट दिल्यास पुष्कळ कनेक्शने नुसती पडून राहतात. म्हणून क्लायंटचा सामाईक साठा ठेवावा, थ्रेडने त्यातील एक उचलावा आणि काम होताच परत ठेवावा, ही रीत रूढ झाली. प्रोग्रॅमर तिला ‘पूल’ म्हणतात. मराठीत हा शब्द नदीवरील पुलाची आठवण करून देत असल्याने येथे ‘संच’ हा शब्द योजला आहे.

पुण्यात कार्यरत असलेले थॉटवर्क्सचे उन्मेष जोशी यांचा ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स’ हा ग्रंथ २०२३ मध्ये ॲडिसन-वेस्लीच्या मार्टिन फाउलर यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. संगणकांमधील संवादाची इतकी शिस्तबद्ध मांडणी महाराष्ट्रातील अभियंत्याच्या हातून व्हावी, ही उल्लेखनीय बाब होय. या ग्रंथाच्या आधारे संच आणि एकच वाहिनी या दोन पर्यायांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संच हा वेगाचा उपाय म्हणून ओळखला जात असला, तरी वस्तुतः तो क्रम आणि प्रतीक्षा यांविषयीचा निर्णय असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. संकल्पनेची पार्श्वभूमी :

झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी या संकल्पनेची प्रत्यक्ष रचना केली व १९८४ मध्ये ती निबंधरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या रचनेतील दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, कॉल करणाऱ्या एका प्रक्रियेचा एका वेळी एकच कॉल प्रलंबित असे. त्यामुळे आलेले उत्तर कोणाचे, याविषयी संदेह उरत नसे आणि उत्तर हीच पोच ठरे. दुसरी अशी की, येणारे कॉल हाताळण्यासाठी प्रत्येक संगणकावर रिकाम्या प्रक्रियांचा साठा तयार ठेवलेला असे. दर वेळी नवी प्रक्रिया निर्माण करण्याचा खर्च त्यामुळे टळे.

साठ्याची कल्पना मुळापासूनच या तंत्राबरोबर आहे, हे यावरून दिसून येते. मात्र तेथे साठा होता तो सेवा देणाऱ्या प्रक्रियांचा. पुढे तो कॉल करणाऱ्याच्या बाजूसही आला. ‘एका वेळी एकच प्रलंबित कॉल’ हे जुने बंधन तेथे कायम राहिल्याने संचाची गरज निर्माण झाली.

२. थ्रिफ्टचे उदाहरण :

फेसबुकने विकसित केलेली थ्रिफ्ट ही प्रणाली २००७ मध्ये खुली करण्यात आली आणि २०१० मध्ये तिला अपाची प्रतिष्ठानच्या पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळाला. थ्रिफ्टचा सर्वसाधारण क्लायंट आधी विनंती लिहितो आणि मग त्याच कनेक्शनवर उत्तर वाचत थांबतो. दोन थ्रेडनी तो एकाच वेळी वापरल्यास एकाची विनंती दुसऱ्याच्या विनंतीत मिसळते किंवा एकाचे उत्तर दुसरा वाचतो. जावा भाषेतील क्लायंट उत्तराचा अनुक्रमांक तपासतो व तो न जुळल्यास चूक झाल्याचे कळवतो. म्हणजे अनुक्रमांक चुकीची ओळख पटवतो, परंतु उत्तर योग्य थ्रेडकडे पोहोचवत नाही. म्हणूनच थ्रिफ्ट वापरणाऱ्यांना क्लायंट-संचाचा आश्रय घ्यावा लागला. जावामध्ये त्यासाठी अपाचीच्याच ‘कॉमन्स पूल’ या संग्रहाचा वापर सर्रास होतो.

३. ग्रंथातील मांडणी :

जोशी यांनी तीस बंधांची (पॅटर्नची) मांडणी केली आहे. समस्या, तिचे उत्तर आणि प्रचलित प्रणालींतील उदाहरणे असा प्रत्येक बंधाचा आराखडा असून जोडीला जावातील छोटे नमुने आहेत. शेवटच्या भागात संगणकांमधील संवादाचे तीन बंध येतात : एकच सॉकेट-वाहिनी, विनंत्यांची जुडी आणि विनंत्यांची सलग रांग.

यांपैकी पहिला बंध प्रस्तुत चर्चेचा केंद्रबिंदू होय. प्रमुख संगणक आणि त्याचे अनुयायी यांच्यात नोंदी पाठवताना क्रम बिघडून चालत नाही. टीसीपी हा संदेशनियम एका कनेक्शनपुरती क्रमाची हमी देतो, दोन कनेक्शनांमध्ये मात्र नाही. म्हणून एकच वाहिनी उघडी ठेवावी, असे जोशी सुचवतात आणि झूकीपर, काफ्का या प्रणालींचा दाखला देतात. एका वाहिनीवर प्रत्येक उत्तराची वाट पाहत बसल्यास वेळ वाया जातो. त्यासाठी उत्तराची वाट न पाहता पुढील विनंती पाठवण्याचा, म्हणजेच सलग रांगेचा बंध येतो. तेथेही पहिली विनंती फसून पुन्हा पाठवल्यास दुसरी तिच्या आधी अमलात येण्याचा धोका जोशी नजरेआड करीत नाहीत. कोणत्या विनंतीचे उत्तर अजून बाकी आहे याची नोंद ठेवणारा ‘विनंत्यांची प्रतीक्षायादी’ हा बंधही ग्रंथात अन्यत्र आला आहे.

हे बंध सुटे नसून एकातून दुसरा उद्भवतो. प्रत्येक उपाय नवी अडचण निर्माण करतो व ती पुढील बंधाकडे नेते, ही जाणीव ग्रंथभर टिकून आहे. ग्रंथाचे खरे सामर्थ्य यात आहे.

४. ग्रंथाने मोकळी ठेवलेली जागा :

तीस बंधांच्या नावांत क्लायंट-संचास स्थान नाही. जोशी यांचा विषय समूहातील संगणकांची अंतर्गत व्यवस्था हा असून तेथे क्रमाला सर्वोच्च मान असल्याने ही निवड त्यांच्या चौकटीत सुसंगत आहे. परंतु नांदगावसारख्या तालुक्याच्या गावातून पदवी घेऊन नाशिक-पुण्याकडे नोकरीस जाणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्यांदा भेटतो तो बहुधा बाहेरच्या सेवेला कॉल करणारा प्रोग्रॅम. तेथील शंभर विनंत्या शंभर वेगळ्या व्यक्तींच्या असतात. त्यांच्यात क्रमाचे नाते नसते. अशा ठिकाणी एकाच साध्या वाहिनीचा आग्रह धरल्यास एका मंद उत्तरामागे सारे खोळंबतात. क्रम कोठे आवश्यक आणि कोठे नाही, हा प्रश्न वाचकाने स्वतः विचारावा लागतो.

संचाची चिकित्सा करताना तीन मुद्दे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

(अ) आकार : जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, प्रणालीत सरासरी असलेल्या विनंत्यांची संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले लागणारा वेळ. सेकंदाला २०० कॉल आणि प्रत्येकास ५० मिलिसेकंद लागत असतील, तर सरासरी १० क्लायंट गुंतलेले राहतील. ‘कॉमन्स पूल’मधील सर्वसाधारण संचाची मूळ मर्यादा ८ आहे. आठ क्लायंट सेकंदाला १६० कॉलच पार पाडू शकतात, म्हणजे दर सेकंदाला ४० कॉल मागे साचत जातील. याउलट समोरचा सर्व्हर मंदावून प्रत्येक कॉलला ५०० मिलिसेकंद लागू लागले, तर १०० क्लायंट हवेत. असे २० प्रोग्रॅम एकाच सर्व्हरला जोडलेले असल्यास आधीच थकलेल्या सर्व्हरवर २,००० कनेक्शनांचा भार पडेल. संच वाढवणे हे मंदपणावरील औषध नव्हे, हे या साध्या गुणाकारावरून स्पष्ट होते.

(आ) प्रतीक्षा : संच रिकामा असताना थ्रेडने काय करावे? वर उल्लेखिलेल्या संचाचे मूळ उत्तर ‘अमर्याद थांबावे’ असे आहे. ही मर्यादा न बदलल्यास एका सेवेच्या आजारपणात प्रोग्रॅममधील सारे थ्रेड संचाच्या दारात उभे राहतात आणि त्या सेवेशी संबंध नसलेली कामेही बंद पडतात. ठरावीक काळ थांबून स्पष्ट नकार देणे हे वरकरणी कठोर वाटते, परंतु ज्याचे काम अडले आहे त्याला लवकर कळणे हेच हिताचे असते.

(इ) परत ठेवण्याची शिस्त : लग्नकार्यासाठी गावाची सामाईक भांडी असतात. ती नेताना मोजून न्यावीत आणि घासून परत करावीत, हा नियम. एखाद्याने आमटीचे पातेले तसेच आणून ठेवले तर पुढच्या घरी पंचाईत होते. क्लायंट-संचाचेही तसेच आहे. थ्रेडने विनंती पाठवली, उत्तर येण्यापूर्वी कंटाळून काम सोडले आणि क्लायंट तसाच परत ठेवला, तर मागाहून आलेले उत्तर पुढच्याच्या हाती लागू शकते.

ही केवळ कल्पना नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. ओपनएआयने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, रेडिस या साठवण-सर्व्हरशी बोलणाऱ्या पायथन संग्रहातील दोष त्यास कारणीभूत होता. विनंती पाठवून झाल्यावर, परंतु उत्तर वाचण्यापूर्वी रद्द झाल्यास सामाईक संचातील कनेक्शन दूषित राही आणि त्यावरील उरलेले उत्तर दुसऱ्याच विनंतीला मिळे. नऊ तासांच्या एका कालावधीत सक्रिय असलेल्या सशुल्क सदस्यांपैकी १.२ टक्के व्यक्तींचा देयकविषयक तपशील इतरांना दिसला असण्याची शक्यताही कंपनीने मान्य केली. रेडिसचा संवाद काटेकोर अर्थाने रिमोट प्रोसिजर कॉल नसला, तरी संचाचे तत्त्व तेच आहे. प्रोग्रॅम बंद पडला नाही आणि वेगही पुरेसा होता, पण एकाचे उत्तर दुसऱ्यापुढे गेले. चूक निस्तरताना विद्यार्थी ज्या लक्षणांकडे पाहण्यास शिकतो, त्यांत हे लक्षण क्वचितच असते.

येथे जोशी यांच्याच ‘लीज’ या बंधाचा विस्तार उपयुक्त ठरेल. ग्रंथात हा बंध समूहातील संगणकांसाठी येतो : हक्क कायमचा न देता मुदतीने द्यावा व मुदत न वाढवल्यास तो संपावा. क्लायंट-संचातही प्रत्येक उसनवारी मुदतीची असावी. मुदत उलटलेला किंवा अर्धवट सोडलेला क्लायंट दुरुस्त करून परत न ठेवता सरळ बंद करावा. नव्या कनेक्शनचा खर्च हा चुकीच्या उत्तराच्या किमतीपेक्षा निश्चितच कमी असतो.

५. बहुपदरी वाहिनीचा पर्याय :

एका कनेक्शनवरील प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देऊन उत्तरे हव्या त्या क्रमाने स्वीकारणे, हा तिसरा मार्ग होय. जोशी यांची ‘प्रतीक्षायादी’ येथेच उपयोगी पडते. कॅसँड्रा या विदागाराचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. आरंभी ते थ्रिफ्टवर अवलंबून होते. २०१३ मध्ये १.२ या आवृत्तीबरोबर त्याने स्वतःचा संदेशनियम आणला. त्यात एका कनेक्शनवर १२८ विनंत्या एकाच वेळी प्रलंबित राहू शकत. पुढे २०१४ मधील २.१ या आवृत्तीत ही संख्या ३२,७६८ झाली आणि २०२१ मधील ४.० या आवृत्तीतून थ्रिफ्ट पूर्णतः वगळण्यात आले. गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली जीआरपीसी ही प्रणालीही एचटीटीपी/२ च्या आधारे एका वाहिनीवर अनेक प्रवाह चालवते आणि तिची वाहिनी अनेक थ्रेडनी निर्धास्तपणे वापरता येते.

मग संच कालबाह्य झाला काय? तसे म्हणता येत नाही. एका कनेक्शनवरील समांतर प्रवाहांना मर्यादा असते. अनेक सर्व्हरांवर ती १०० च्या आसपास ठेवलेली आढळते. ती गाठल्यावर विनंत्या रांगेत थांबतात आणि तेव्हा अनेक वाहिन्यांचा संच करावा, असे जीआरपीसीच्या मार्गदर्शनातच सुचवले आहे. शिवाय टीसीपीवरील एक पुडके हरवल्यास त्या वाहिनीवरील सर्वच प्रवाह अडतात. थोडक्यात, संच नाहीसा होत नाही. त्याचा घटक बदलतो : पूर्वी एका कॉलला एक क्लायंट हा हिशेब होता, आता अनेक कॉलना एक वाहिनी हा आहे.

निष्कर्ष :

१. क्लायंट-संचाची गरज ‘एका कनेक्शनवर एका वेळी एकच प्रलंबित कॉल’ या बंधनातून निर्माण झाली. वेग हा तिचा आनुषंगिक लाभ आहे.

२. क्रम आवश्यक असेल तेथे जोशी यांचा एकाच वाहिनीचा बंध योग्य ठरतो. परस्परांशी असंबद्ध विनंत्यांसाठी संच वा बहुपदरी वाहिनी स्वीकारावी.

३. संचाचा आकार अंदाजाने न ठरवता दर आणि वेळ यांच्या गुणाकाराने ठरवावा. प्रतीक्षेला मुदत असावीच.

४. अर्धवट सोडलेला क्लायंट संचात परत घेऊ नये. ही शिस्त वेगापेक्षा महत्त्वाची आहे, कारण तिच्या अभावी एका व्यक्तीची माहिती दुसरीच्या हाती पडू शकते.

५. जोशी यांच्या ग्रंथात संच हा स्वतंत्र बंध नसला, तरी तो शिस्तीने उभारण्यास लागणारी साधने, म्हणजे मुदत, प्रतीक्षायादी आणि क्रमाचे भान, ग्रंथातच विखुरलेली आहेत. समूहाच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी लिहिलेला हा ग्रंथ बाहेरच्या कॉलसाठीही वाचावा आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यातील नमुन्यांबरोबर एक छोटा क्लायंट-संचही विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावा. मुद्दाम मंद केलेल्या सर्व्हरपुढे तो कसा वागतो, हे पाहिल्यावर वरील चारही मुद्दे विद्यार्थ्यास आपोआप पटतील.