कोल्हापुरीचं रसग्रहण, तळापासून

कोल्हापुरी चप्पल आधी उलटी करून बघावी. दुकानात आपली नजर वेणीवर, गोंड्यावर नाहीतर रंगावर जाते. कारागिराचा हात ओळखायचा तर तळ बघायला हवा. चामड्याच्या बारीक वादीने घातलेले टाके तिथे ओळीने दिसतात. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. आरीने भोक पाडायचं, त्यातून वादी ओढायची, पुन्हा भोक, पुन्हा वादी. सगळी चप्पल या एका क्रियेवर उभी आहे. टाके सारख्या अंतरावर आणि कडेला समांतर गेले असतील तर हात कसलेला समजावा. कुठे दाटी, कुठे विरळ असेल तर वरचं नक्षीकाम कितीही देखणं असो, चप्पल खाली ठेवावी.

तळानंतर कान. तळाच्या दोन्ही बाजूंनी चामड्याच्या छोट्या पट्ट्या वर आलेल्या असतात, त्यांना कान म्हणतात; त्यावरून ही कानवाली. पायावरचा आडवा पट्टा या कानांना शिवलेला असतो. पाऊल उचललं की पट्ट्यावर ताण येतो, तो कानांवर जातो आणि कानांतून सबंध तळावर पसरतो. म्हणून पट्टा एका जागी उसवत नाही. स्वस्तातल्या चपलेचा पट्टा तळाच्या भेगेत कोंबून नुसता चिकटवलेला असतो आणि नेमका प्रवासात निघून येतो. कोल्हापुरीत शोभेचा वाटणारा कान खरं तर सगळा भार वाहतो. या चपलेच्या घडणीतली ही जागा मला सगळ्यांत आवडते.

पाऊल धरून ठेवायला पट्ट्याच्या जोडीला फक्त अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायचं चामड्याचं कडं, असतो. टाच मोकळी, बोटं मोकळी. चालताना टाचेखाली फट पडते, वारा खेळतो. ज्योतिबाच्या चैत्रातल्या यात्रेला उन्हातून डोंगर चढून जाणाऱ्याला आणखी एक सोय कळते: चप्पल दारात काढायची आणि परत आल्यावर वाकावंसुद्धा न लागता पाय सरकवायचा. देवळांच्या गावांतून हिंडायचं तर बक्कल आणि बंद यांची कटकट नको असते.

मग ही सुखाची चप्पल म्हणावी, तर नवी कोल्हापुरी चावते. अंगठ्याच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली ती पहिले काही दिवस छळते. बाजारातल्या मऊ गादीच्या सँडलमध्ये पहिल्याच पावलाला आराम असतो, पण गादी दबत जाते आणि आराम ओसरतो. कोल्हापुरीचा क्रम उलटा आहे. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. असं चामडं घाम शोषतं, तेल पितं आणि वापरणाऱ्याच्या टाचेचा, बोटांचा ठसा घेतं. थोड्या दिवसांनी तळावर आपल्याच पावलाचा खळगा उमटतो आणि मग ती दुसऱ्या कुणाला धड होत नाही. इथला आराम विकत मिळत नाही, घडवून घ्यावा लागतो. अर्धी चप्पल कारागीर करतो, उरलेली आपण.

म्हणूनच ती निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नये. आधी घ्यावी, पट्ट्याला आतून-बाहेरून खोबरेल चोळावं, घरातल्या घरात घालून फिरावं. घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असतो आणि खरं माप तेव्हाच कळतं. पट्टा किंचित घट्ट असलेला चालतो, तो सैल होणारच. लांबीत मात्र तडजोड नको, टाच तळाबाहेर आली की चप्पल फुकट. चामड्याची कापलेली कड उजेडात धरावी. साल-हिरड्यावर कमावलेलं चामडं आरपार तपकिरी दिसतं. मधली रेघ निळसर-करडी दिसली, तर ते रसायनांनी कमावलेलं समजावं.

गुण सांगितले, आता दोष. तळ सपाट असतो, पावलाच्या कमानीला आधार देत नाही. टाचदुखी असलेल्याने दिवसभराच्या पायपिटीला ती नेऊ नये. नवा चामडी तळ गुळगुळीत फरशीवर सटकतो. त्याला आपल्याकडचा उपाय म्हणजे चांभाराकडून खाली रबर मारून घेणं. रूप थोडं उणावतं, पाय सावरतो. आणि पाऊस तिला अजिबात सोसत नाही. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात ठेवली की चामडं आखडतं. मृग लागायच्या आत ती तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर गेलेली बरी.

आता वेणी. एवढ्या रांगड्या चपलेवर नाजूक काम असतं ते इथेच, आणि बऱ्याच घरांत ते बायकांच्या हातचं असतं. पातळ चामड्याच्या दोऱ्या वळून विणलेली वेणी पट्ट्यावर बसते. बाकी तळ, कान, अंगठा यांना अलंकाराची हौस नाही. सगळी नक्षी एकाच जागी आणल्यामुळे ती डोळ्यांत भरते. जिथे पट्टाभर जर, टिकल्या आणि चारचार गोंडे लावलेले असतात, तिथे हा तोल गेलेला असतो.

2019 साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. कापशी, कुरुंदवाड, अथणी ही नावं या कलेशी जोडलेली आहेत ती सीमेच्या अलीकडे-पलीकडे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये याच घाटाचे सँडल दाखवले, मुळाचा उल्लेख न करता. ओरड झाल्यावर कंपनीने ते भारतीय पादत्राणांवरून प्रेरित असल्याचं मान्य केलं. घाट उचलता येतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. वादीचा टाका आणि आठवडे घेणारी चामड्याची कमावणी एवढ्या सहज उचलता येत नाही, आणि किंमत मोजायची ती त्यांचीच. कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, दोन जोड समोर असतील, एकावर गोंडा मोठा आणि दुसऱ्याचे टाके दाट, तर दुसरा घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी.