पिठाचा कोंबडा आणि एकटी खेळणारी

दुपारची जेवणं उरकली, पुरुषमाणसं दुकानावर गेली, की नेरडीगोंड्यासारख्या गावात घरातल्या बाईच्या हाती तास-दीड तास लागतो. चार जणींनी एकत्र जमायचं म्हणजे मात्र सणवार लागतो, नाहीतर दशलक्षण पर्व. म्हणून पाच माणसं लागणाऱ्या खेळाचं कौतुक इथल्या बायकांना सांगण्यात अर्थ नाही. एक सांगणारी आणि एक खेळणारी, एवढ्यावर चालणारा खेळ असेल तर त्याचं बोलू.

असा खेळ आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला, तेव्हापासून रोल-प्लेइंग खेळांची रीत पडली. त्याला सोंगट्यांचा पट नसला तरी चालतं. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे एकेका पात्राचं सोंग घेतात. "नदीला पूर आहे, पलीकडे दिवा दिसतोय. तू काय करतेस?" खेळणारी सांगेल ते होतं, आणि शंका असेल तिथे फासा पडतो. आपल्या ज्ञानचौपडीत चौऱ्याऐंशी घरं असतात. मोक्षापर्यंत जायचं की सापाच्या तोंडी, हे सगळं फासा ठरवतो, आपण फक्त सोंगटी सरकवायची. इथे उलट आहे, बरं का. आधी मन ठरवतं, मग फासा.

खेळणारी एकच असली की या रीतीत काय बिघडतं? पुस्तकं लिहिणाऱ्यांना पहिली अडचण दिसली ती मारामारीची. चौघांसाठी मांडलेल्या लढाईत एकटी पाच मिनिटांत मरते. यावर तीन तोडगे माझ्या पाहण्यात आले.

2019 च्या 'डी अँड डी इसेन्शियल्स किट'मध्ये एकटीला जोडीदार देण्याचे नियम आहेत. साइडकिक म्हणतात त्याला. मला हा तोडगा सगळ्यांत लंगडा वाटतो. जोडीदाराच्या तोंडून बहुतेक वेळा सांगणारीच बोलू लागते. खेळणारी जरा अडखळली की जोडीदार म्हणतो, "डावीकडे जाऊ या." घरात सुनेला काही विचारलं की तिच्या आधी सासू उत्तर देते ना, तसंच हे. सोबतीचं नाव घेऊन निर्णय काढून घ्यायचा.

केव्हिन क्रॉफर्ड यांच्या 'स्कार्लेट हिरोज'ने (2014) गणितच बदललं. नायिकेला लागलेला मार कमी मोजायचा, तिने दिलेला जास्त. जुन्या, चौघांसाठी लिहिलेल्या कथाही मग एकटीला झेपतात. हुशारीचं काम आहे, यात वाद नाही. पण सगळी हुशारी तलवारीवर खर्च झाली आहे.

तिसरं पुस्तक रॉबिन लॉज आणि त्यांच्या सहलेखकांचं, 'कथुलू कॉन्फिडेन्शियल' (2017). त्यातली एक नायिका व्हिव्हियन सिंक्लेअर ही 1930 च्या दशकातल्या न्यूयॉर्कची पत्रकार आहे. इथे हरलं तरी कथा तुटत नाही. हरणारीच्या हातात अडचणीचं एक पान येतं आणि पुढे कुठेतरी ती अडचण उभी राहते. शिवाय सोबतीला जोडीदार नसतो, ओळखीची माणसं असतात. नायिका आपल्या पायाने त्यांच्याकडे जाते, विचारते, आणि परत एकटी बाहेर पडते. सोबत द्यायचीच तर अशी द्यावी. हे पुस्तक भीतीकथेचं आहे, आपल्या घरात चालेलच असं नाही. पण त्याचा हा सांगाडा घेण्यासारखा आहे.

नेरडीगोंड्यात आमच्या नात्यातल्या एका सुनेबरोबर मी हा खेळ मांडते. तिचं माहेर परभणीकडचं. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी तेलुगू, बाजारात हिंदी. वीस बाजूंचा फासा इथे कोण आणणार? आम्ही सहा कवड्या घेतो, उताण्या पडतील तेवढे गुण. ती झाली हजार वर्षांपूर्वीची एक व्यापारीण. गोदावरीपलीकडे वेमुलवाड्याला कापड घेऊन निघालेली, बरोबर गाडीवान आणि दोन बैल. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, सूर्यास्ताआधी मुक्काम पडला पाहिजे, जेवण तेव्हाच होईल. त्या एका वाक्याने सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक बसलं. निर्मळच्या बाजूला आज महबूब घाट आहे तिथे मी चोर उभे केले आणि विचारलं, "तू काय करतेस?"

ती बराच वेळ गप्प. मीही गप्प. (सांगणारीला हे सगळ्यांत जड जातं.) मग म्हणाली, "अर्धं कापड इथेच सोडते. बैल मात्र देणार नाही."

या उत्तरासाठी तिन्ही पुस्तकांत मला फारसं काही सापडलं नाही. एकटीने लढावं कसं हे ती शिकवतात. एकटीला लढायचंच आहे का, हे विचारायला त्यांना सुचत नाही. चौघांच्या टोळीत कुणी तलवार काढली तर दोष चौघांत वाटला जातो, हसण्यावारी जातो. एकटीच्या खेळात तो वाटायला दुसरं कुणी नाही.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, खोटं-खोटं तर मारायचं, त्यात कसली हिंसा? त्यांनी यशोधर राजाची कथा आठवावी. आईच्या, चंद्रमतीच्या हट्टाखातर तो देवीपुढे पिठाचा कोंबडा कापतो. जीव एकही गेला नाही. पण मारण्याचा भाव होता. म्हणून मोर, कुत्रा असे जन्म घेत ही मायलेकं शेवटी खरोखरीच्या कोंबड्यांच्या जन्माला येतात. सोमदेवसूरींनी ही कथा 'यशस्तिलका'त मांडली, इ.स. 959 मध्ये, त्याच वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या आश्रयाने. पुढे 966 च्या परभणी ताम्रपटात अरिकेसरी राजाने सोमदेवांना जिनालयासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे ही आमच्या सुनेच्या माहेर-सासरच्या टापूतलीच कथा.

आणि ती सांगितली कुणाला जाते, बघा. मारिदत्त राजा देवीपुढे बळी द्यायला निघालेला आहे. बळीसाठी धरून आणलेला अभयरुची त्याला आपले मागचे जन्म सांगतो. सांगणारा एक, ऐकणारा एक, आणि तलवार ऐकणाऱ्याच्या हातात. अभयरुची ती हिसकावून घेत नाही. कथा संपते तेव्हा निर्णय मारिदत्त घेतो.

म्हणून "खेळात मारणं बंद" असा नियम मी केला नाही. तसा नियम केला की खेळणारीला विचारायला काही उरतच नाही, पाठशाळेतला धडा होतो. त्याऐवजी एवढंच ठरवलं की तिने शस्त्र काढलं तर कवड्या टाकण्याआधी मी तिला दुसऱ्यांदा विचारायचं, आवाज न चढवता, आणि ती म्हणेल ते मानायचं. आजवर तिने दोनदा "हो" म्हटलं आहे. दोन्ही वेळी मेलेल्या माणसाचं नाव-गाव मी सांगितलं, आणि पुढच्या दुपारी त्याच्या घरचं माणूस तिच्या वाटेवर उभं केलं. पहिल्याच्या आईला तिने गाडीत घेतलं. दुसऱ्याचा भाऊ कुंतल्याच्या धबधब्याजवळ उभा आहे. त्याचं काय करायचं ते तिने अजून सांगितलेलं नाही.