कवायत होती, मेळ कुठे होता?

दोन महायुद्धांमधल्या काळातील लष्करी विचाराविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते : शस्त्र कोणाच्या हाती असावे? डॉ. बा. शि. मुंजे यांच्यावरील लेखन याचा उत्तम नमुना आहे. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर मार्च १९३१ मध्ये ते इटलीत गेले, तेथील ‘बालिला’ ही मुलांची संघटना त्यांनी पाहिली, मुसोलिनीची भेट घेतली. आणि १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. चाहत्यांना यात दूरदृष्टी दिसते, टीकाकारांना फॅसिझमची सावली. टीकाकारांच्या हाती पुरावा आहे आणि तो डावलता येत नाही. पण हे विद्यार्थी नेमक्या कोणत्या युद्धासाठी घडणार होते, हे दोन्ही बाजू विचारत नाहीत.

कारण त्याच वर्षांत युद्धाचे रूपच बदलत होते. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे नाकारले आणि सैन्य एक लाखावर आणले. तरी जनरल झेक्टच्या काळातील युद्धनियमावलीचे नावच ‘एकत्रित शस्त्रांचे नेतृत्व व लढाई’ अशा अर्थाचे होते. ब्रिटनने १९२७ मध्ये सॅलिसबरीच्या माळावर यांत्रिक दलाचा प्रयोग केला, पण तो पुढे नेला नाही. जर्मनीने १९३५ मध्ये तीन पँझर डिव्हिजन उभ्या केल्या. त्यांत पायदळ, तोफा, इंजिनिअर आणि बिनतारी संदेशयंत्रणा रणगाड्यांसोबत एकाच हुकमाखाली होती. १९४० मध्ये फ्रान्सकडे रणगाडे कमी नव्हते. कमी पडला तो मेळ.

हा मेळ हिंदुस्थानात का जमला नाही, याचे कारण केवळ गरिबी नव्हे. १८५७ नंतर इंग्रजांनी डोंगरी तोफखान्याचा अपवाद सोडता तोफा हिंदी शिपायांपासून दूर ठेवल्या. हिंदी मैदानी तोफखान्याची पहिली तुकडी उभी राहिली ती १९३५ मध्ये, बंगळूरला. घोडदळाच्या पहिल्या दोन रेजिमेंटांनी घोडे सोडून यंत्रे घेतली ती १९३८ मध्ये. म्हणजे पायदळ आणि घोडदळ आपले, तोफा आणि रणगाडे साहेबाचे. जिथे शस्त्रांची वाटणीच अविश्वासावर झाली, तिथे शस्त्रांचे सहकार्य कुठून येणार?

मुंजे चेटवुड समितीचे सदस्य होते, १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली. अधिकाऱ्यांच्या हिंदीकरणासाठी त्यांनी धरलेला आग्रह रास्तच होता. पण इटलीहून त्यांनी प्रामुख्याने आणली ती शिस्तीची आणि गणवेशाची ओढ. कवायतीने माणूस रांगेत उभा राहतो. शेजारच्या रांगेतल्या तोफेशी कसे बोलायचे, हे त्याला वेगळे शिकावे लागते.

मराठी वाचकाला हा धडा परका नाही. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफा होत्या, घोडदळही होते. गोलाची लढाई ठरली होती. घोडेस्वारांनी गोल मोडला, असा दोष इतिहासकार देत आले आहेत. त्या दिवशी उणे पडले ते शौर्य नव्हते. तरीही आपण पानिपत शौर्याच्याच भाषेत सांगतो.

आज सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारी बनतात, ओझरला विमाने, देवळालीत तोफखान्याचे शिक्षण चालते आणि भोसलाही याच शहरात आहे. १९३७ मध्ये सातपूरला ही वसाहत नव्हती. मोटार दुरुस्त करणारे हात जिथे थोडे, तिथे रणगाड्यांचे सैन्य कागदावरच राहते. म्हणून या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याने मुंजे यांच्या रोजनिशीइतकेच तोफखान्याच्या भरतीचे नियम आणि कारखान्यांच्या नोंदीही वाचायला हव्यात. स्फूर्ती कोठून आली, हे आपण पुरेसे विचारले. क्षमता कोणी आणि का अडवून ठेवली, हे विचारणे बाकी आहे.